चार आण्यांचा भाऊ

सोलापूरहून एका वाचकाचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असा तपशील गाळून, थोडक्यात:

"वय ४६. वडील आणि काका या सख्ख्या भावांनी १९८८ मध्ये चार यंत्रमागांवर टॉवेलचा कारखाना काढला. आज सोळा माग आहेत. दोघंही आता नाहीत. मी आणि चुलतभाऊ (मी त्यांना दादा म्हणतो) मिळून चालवतो. आमच्या आया सख्ख्या बहिणी, त्यामुळे घर एकच होतं. २०११ पासून चुली वेगळ्या झाल्या. ते साखर पेठेत, आम्ही जुळे सोलापुरात. दीड वर्षापूर्वी दादांनी मुलाला गल्ल्यावर बसवलं, १८ हजार पगार लावला, मला विचारलं नाही. दिवाळीत त्याच्या गाडीसाठी फर्ममधून १ लाख ४० हजार उचलले. माझा मुलगा इंजिनिअरिंगला आहे. तो म्हणतो, 'पप्पा, हे सायन्स आहे. आजोबा लोक सख्खे होते तोवर ठीक होतं, आता रक्त पातळ झालं. प्रत्येक प्राणी आपल्याच पिल्लाचं बघतो. तुम्ही अल्फा व्हा, नाहीतर वेगळे व्हा.' मलाही ते पटायला लागलंय. निसर्गानंच ठरवलं असेल तर दादांना बोल कसा लावू? आणि वाटणी तरी कशाला टाळू? ता.क. पुढच्या महिन्यात पुतण्याचा साखरपुडा आहे. बायको म्हणते, जाऊ नका."

तुमच्या पत्रात एक वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात: आया सख्ख्या बहिणी. तुमच्या मुलाचा सगळा हिशोब त्या वाक्यापाशी चुकतो, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

तो ज्या शास्त्राचा हवाला देतोय ते खोटं नाही. १९६४ मध्ये डब्ल्यू. डी. हॅमिल्टन या इंग्रज जीवशास्त्रज्ञानं ते गणितात मांडलं. एखादा प्राणी दुसऱ्यासाठी झीज सोसतो ती वागणूक पिढ्यानपिढ्या टिकेल का, हे तीन गोष्टींवर ठरतं: देणाऱ्याची झीज किती, घेणाऱ्याचा फायदा किती, आणि दोघांचं नातं किती जवळचं. फायद्याला नात्यानं गुणायचं. येणारा आकडा झिजेपेक्षा मोठा असेल तर ती वागणूक टिकते. हॅमिल्टनच्या आधी जे. बी. एस. हाल्डेन यांच्या नावावर एक विनोद सांगितला जायचा, की दोन सख्खे भाऊ किंवा आठ चुलतभाऊ वाचत असतील तर मी जीव देईन. हे हाल्डेन पुढं भारतात येऊन भारतीय नागरिक झाले आणि त्याच १९६४ साली भुवनेश्वरला वारले.

नात्याचा आकडा आपल्या जुन्या आण्यांत मांडला तर चटकन कळतो. तुम्ही स्वतः सोळा आणे. सख्खा भाऊ आठ आणे, पोटचं पोरही आठ आणे. सावत्र भाऊ, काका, मामा, पुतण्या, भाचा हे चार आणे. साधा चुलतभाऊ दोन आणे. दोन चुलतभावांची मुलं एकमेकांना अर्धा आणा. वडील-काका आठ आण्यांचे, तुम्ही दोघं दोन आण्यांचे, पोरं अर्ध्या आण्याची: तुमच्या मुलाचं पातळ होत जाणारं रक्त ते हेच.

पण दोन भावांनी दोन बहिणी केल्या की नातं बापाकडून दोन आणे आणि आईकडून दोन आणे, असं दुहेरी जुळतं. म्हणजे दादा तुम्हाला चार आण्यांचे झाले, एखाद्या सावत्र भावाइतके. तुमची मुलं एकमेकांना अर्धा नव्हे, एक आणा. सोलापुरात हा घोळ घरोघरी आहे. मामाची मुलगी करणारी मराठी घरं आहेत, बहिणीची मुलगी करणारी तेलुगू आणि कानडी घरं आहेत. तिथं पुस्तकातला आण्यांचा तक्ता जसाच्या तसा लावला की उत्तर हमखास कमी येतं.

अर्थात आकडा दुरुस्त केल्यानं दादांनी उचललेले पैसे परत येत नाहीत. मुद्दा वेगळा आहे. या आकड्याला तुम्ही आणि तुमचा मुलगा जे काम लावताय, ते त्याचं कामच नाही.

एक तर तो आकडा म्हणजे प्रेमाचं माप नाही. कुठल्याही दोन माणसांचा डीएनए जवळपास ९९.९ टक्के सारखाच असतो, तुमचा आणि गल्लीतल्या कुणाचाही. आण्यांचा हिशोब आहे तो त्या सरासरी साम्याच्या वरचा, एकाच पूर्वजाकडून आलेल्या सामाईक वाट्याचा. दुसरं, सूत्रात नातं ही तीनातली एकच गोष्ट. चार आण्यांच्या भावासाठी एक रुपया झिजवायचा तर त्याचा चार रुपयांहून जास्त फायदा व्हायला हवा, दोन आण्यांच्यासाठी आठ रुपयांहून. तुमच्या धंद्यात हे रोज घडतं. दादांच्या बाजूचे दोन माग बंद पडले आणि तुम्ही तुमचा जॉबर (माग दुरुस्त करणारा कारागीर) दोन तास तिकडं पाठवलात, तर तुमची झीज दोन तासांची आणि त्यांची वाचलेली अख्खी ऑर्डर. (निसर्गाचा मूळ हिशोब रुपयांत नसतो, जगलेल्या पिल्लांत असतो. रुपये मी समजायला घेतले.)

आणि तिसरं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. हा आकडा कुणालाच आतून जाणवत नाही. कपाळावर आणे लिहिलेले नसतात. मेंदू खुणांवरून नातं ओळखतो. लिबरमन, टूबी आणि कॉस्मिडीस या संशोधकांनी २००७ मध्ये माणसांतल्या अशा दोन खुणा दाखवल्या. आपल्या आईनं त्या तान्ह्याला अंगावर पाजताना पाहिलेलं असणं ही एक, आणि लहानपणी एका छपराखाली किती वर्षं काढली ही दुसरी. तुमच्या वडलांना आणि काकांना या खुणा भरपूर मिळाल्या. तुम्हाला आणि दादांनाही बऱ्याच. तुमच्या मुलांना २०११ नंतर मिळाल्याच नाहीत. मुलगा ज्याला पातळ रक्त म्हणतोय त्यातलं निम्मं काम चुली वेगळ्या झाल्यानं केलंय, रक्तानं नव्हे.

याला एक उदाहरण देतो, तेही आपल्या दख्खनच्या पठारावरचं. खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात, छज्जाखाली कागदासारखं राखाडी, उघड्या घरांचं पोळं लटकलेलं तुम्ही पाहिलं असेल. त्यावर तांबूस-तपकिरी गांधीलमाश्या असतात. त्यांतल्या रोपालिडिया मार्जिनाटा या जातीवर बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर यांनी अनेक दशकं काम केलं. माश्यांना एकेक करून रंगाचे ठिपके लावायचे आणि कोण काय करतं ते तासन् तास टिपायचं. या जातीत कामकरी माशीला वेगळं होऊन स्वतःचं पोळं बांधता येतं, अंडी घालता येतात. तरी बहुतेक जणी राहतात आणि दुसरीची अळी भरवतात. का? जवळच्या बहिणी असतील म्हणून, असं सहज वाटेल. पण राणी एकाहून जास्त नरांशी जुगते आणि राण्याही बदलत राहतात, त्यामुळे एका पोळ्यातलं नातं वाटतं त्याहून बरंच पातळ निघालं. शिवाय पोळ्यातल्या पोळ्यात जवळची कोण आणि लांबची कोण हे त्या वेगळं काढत नाहीत. पोळ्याचा वास ज्या अंगाला, ती आपली.

मग राहायचं कारण? झीज आणि फायदा. एकटीनं पोळं मांडलं आणि अळ्या मोठ्या व्हायच्या आत ती मेली, तर सगळं वाया. चार जणी असल्या की एक गेली तरी दुसरी भरवत राहते. रक्त पातळ असूनही एकत्र राहणं परवडतं ते या विम्यामुळे. तुमच्या सोळा मागांनाही असाच विमा आहे. गेल्या पाच-दहा वर्षांत तुम्ही आजारी पडलात किंवा लग्नकार्यात अडकलात तेव्हा शेड कुणी चालू ठेवली? पत्रात तुम्ही ते लिहिलेलं नाही. लिहून काढा, तारखांसकट.

आता 'निसर्गानंच ठरवलंय' या वाक्याकडे. धारवाडजवळच्या जंगलात १९६० च्या दशकात युकिमारू सुगियामा या जपानी संशोधकानं वानरांच्या टोळ्या पाहिल्या. बाहेरचा नर टोळी ताब्यात घेतो आणि आधीच्या नराची तान्ही पिल्लं मारतो. पुढं सारा हर्डी यांनी अबूच्या वानरांवर काम करून त्याचा अर्थ लावला: पिल्लू गेलं की मादी लवकर माजावर येते आणि नव्या नराची संतती लवकर होते. हे शंभर टक्के नैसर्गिक आहे. म्हणून कुणी त्याचं समर्थन करत नाही. एखादी वागणूक कुठून आली हे कळलं, म्हणून ती योग्य ठरत नाही आणि अटळही ठरत नाही. दादांना आपल्या पोराची ओढ जास्त असणार, हे खरं. पोटचा आठ आण्यांचा, तुमचा मुलगा त्यांना दोन आण्यांचा. ओढ चौपट. पण ती ओढ तुम्हालाही तितकीच आहे, आणि ओढ असणं वेगळं, न विचारता १ लाख ४० हजार उचलणं वेगळं. पहिल्याबद्दल दादांना बोल लावू नका. दुसऱ्याबद्दल बोलायलाच हवं.

अल्फाचं म्हणाल तर मुलाला सुट्टीत बार्शी रस्त्यानं नान्नजच्या माळरानावर घेऊन जा. नशीब असेल तर लांडगा दिसेल, नाहीतर काळवीट तरी दिसतीलच. लांडग्यांतला 'अल्फा' ही कल्पना रुडॉल्फ शेंकेल यांच्या १९४७ च्या अभ्यासातून पसरली. ते लांडगे कोंडलेले होते. डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या पुस्तकानं ती घरोघरी नेली. त्याच मेक यांनी पुढं मोकळे लांडगे वर्षानुवर्षं पाहिले आणि १९९९ मध्ये लिहिलं की हा शब्द चुकीचा आहे. मोकळ्या रानातली टोळी म्हणजे बहुधा आई, बाप आणि त्यांची पिल्लं. 'अल्फा' म्हणजे बाप. तरणा लांडगा वयात आला की निघून जातो, जोडीदार शोधतो, आपली टोळी मांडतो. त्यात कुणी कुणाला हरवत नाही. म्हणजे निसर्ग एकत्र राहायचाही दाखला देतो आणि वेगळं व्हायचाही. निर्णयासाठी त्याच्याकडे जाण्यात अर्थ नाही.

मुलाबद्दल आणखी एक. रॉबर्ट ट्रिव्हर्स या जीवशास्त्रज्ञानं १९७४ मध्ये दाखवलं की आईबाप आणि मूल यांचे हिशोब कधीच तंतोतंत जुळत नाहीत, कारण दोघं वेगळ्या जागी उभे असतात. तुमच्या जागेवरून दादा चार आणे. मुलाच्या जागेवरून तेच दादा दोन आणे आणि पुतण्या एक आणा. वाटणीची घाई त्याला तुमच्याआधी होणारच. तो वाईट नाही. पण त्याचं मत घेताना तो कुठून बघतोय हे लक्षात ठेवा. पुतण्याही दादांना हेच सांगत असेल, याची मला जवळपास खात्री आहे.

मग करायचं काय? नातं जिथं पुरत नाही तिथं परतफेड चालते. कोस्टा रिकातली रक्त पिणारी वटवाघळं दोन-तीन रात्री उपाशी राहिली तर मरतात. पोट भरलेलं वटवाघूळ उपाशी सोबत्याच्या तोंडात रक्त ओकून देतं, हे जेराल्ड विल्किन्सन यांनी १९८४ मध्ये नोंदवलं. नंतर जेराल्ड कार्टर आणि विल्किन्सन यांनी पिंजऱ्यात मोजलं, तेव्हा कोण कुणाला देईल हे नात्यापेक्षा 'आधी त्यानं मला दिलं होतं का' यावरून जास्त कळलं. अनोळखी वटवाघळं एकत्र ठेवली तर ती थेट रक्त देत नाहीत. आधी एकमेकांचं अंग साफ करतात, मग थोडं, मग जास्त. विश्वास असा पायरीपायरीनं चढतो. त्यासाठी पुन्हा पुन्हा भेट हवी, कुणी काय केलं ते दिसायला हवं आणि लक्षात राहायला हवं. तुमच्याकडे नेमकं हेच बिघडलंय. वडील आणि काका रोज एका ताटात जेवायचे, वहीची गरज नव्हती. तुम्ही दोघं शेडमध्ये उभ्या उभ्या भेटता.

भावाभावांत वही कशाला, असं दादा म्हणतील. तेव्हा त्यांना आहेराच्या वहीची आठवण द्या. लग्नात मांडवाच्या दाराशी एक जण बसून 'अमक्यांकडून ५०१' लिहीत असतो आणि वीस वर्षांनी ती वही काढून त्या घरचा आहेर ठरतो. नात्यात हिशोब आपण कायमच ठेवत आलोय, नीट वहीत.

पहिली बैठक दोघांचीच. बायका नकोत, मुलं नकोत, मुनीमही नको. गल्ल्यावर नको आणि कुणाच्या घरीही नको. सिद्धेश्वराच्या आवारात तळ्याच्या कठड्यावर सकाळी पाऊण तास पुरे. जुन्या १ लाख ४० हजारांपासून सुरुवात केलीत तर बैठक दहा मिनिटांत संपेल, म्हणून तो विषय शेवटी. आधी दोन चिठ्ठ्या. कारखान्याच्या एकूण कामात आपला वाटा किती टक्के, हे दोघांनी एकमेकांना न दाखवता लिहायचं. बेरीज शंभराच्या वर जाईल. मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली यांनी १९७९ मध्ये नवरा-बायकोंवर असंच करून पाहिलं, तिथंही गेली. दोघं खोटं बोलतात म्हणून नाही, स्वतः उपसलेले कष्ट आठवतात आणि दुसऱ्याचे दिसतच नाहीत म्हणून. समजा तुम्ही ६५ लिहिले आणि दादांनी ६०. ते जास्तीचे २५ कुठून आले, यावर बोला. कामांची यादी आपोआप निघते: सुताची खरेदी, पार्टीची वसुली, जॉबर आणि कामगार, बँक, रात्रीची पाळी.

त्या यादीवरून नियम ठरवा, मोजके. दहा हजारांच्या वरची कुठलीही उचल दोघांच्या सहीनं. घरच्या मुलाला पगार मिळेल तो त्या कामाला बाहेरच्या माणसाला दिला असता तितकाच, मग मुलगा कुणाचाही असो. गल्ल्याचं काम दर सहा महिन्यांनी बदलेल. महिन्यातून एकदा, आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी, वही उघडून बसायचं. नियम मोडला तर पहिल्यांदा फक्त वहीत नोंद, दुसऱ्यांदा ती रक्कम वाट्यातून वजा, तिसऱ्यांदा वाटणीची बोलणी. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरची सामाईक कुरणं, पाण्याचे पाट आणि मासेमारीची ठिकाणं अभ्यासली. जी टिकली तिथं शिक्षा बहुधा हलकी सुरू होऊन चढत गेलेली दिसली. २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. पहिल्याच चुकीला जोरात मारणारे बहुधा टिकत नाहीत.

'जशास तसं' मात्र आंधळेपणानं वापरू नका. मुलगा तेच सुचवेल. रॉबर्ट ॲक्सलरॉड यांच्या संगणकावरच्या स्पर्धेत (दोघांनी पुन्हा पुन्हा ठरवायचं, साथ द्यायची की दगा, आणि त्यावर गुण) हा डाव जिंकला होता, पण त्यात एक खोट आहे. गैरसमजानं एकदा जरी ठोसा बसला, तरी दोघं कायम आलटून पालटून मारत बसतात. मार्टिन नोवाक आणि कार्ल सिगमंड यांनी १९९२ मध्ये त्यावर उतारा दाखवला: अधूनमधून सोडून द्यायचं. त्यांच्या गणितात अशा स्पर्धेतले नेहमीचे गुण धरले तर हे प्रमाण तीनातून एकदा असं येतं. धंद्यात ते लहान रकमांना चालेल. उचलीला नाही.

बैठकीच्या आधी एक कागद बघा: भागीदारीचा करारनामा. वडील आणि काका गेल्यावर नवा केला होता का? १९३२ च्या भागीदारी कायद्यानुसार, करारात वेगळं लिहिलेलं नसेल तर भागीदाराच्या मृत्यूनं फर्म विसर्जित होते (कलम ४२), नफा सारखा वाटला जातो आणि भागीदाराला कामाचा पगार मागता येत नाही (कलम १३), आणि सगळ्यांच्या संमतीशिवाय नवा भागीदार घेता येत नाही (कलम ३१). पुतण्या नोकर म्हणून आहे की भागीदार म्हणून, हा फरक तिथं लिहिलेला असायला हवा. सीएला दाखवा. मिळकत एकत्र कुटुंबाची असेल तर गणित निराळं होतं, मग वकील लागेल.

सहा महिने हे करून बघा. दादा बैठकीला येतात का आणि वही उघडी ठेवतात का, एवढ्या दोनच गोष्टी पाहा. येत असतील आणि चुकत असतील तर चालू ठेवा. येतच नसतील तर वेगळे व्हा, पण एका फटक्यात नको. सोळाचे आठ-आठ माग होतात. वार्पिंगचं (ताण्याचं सूत गुंडाळायचं) मशीन, जॉबर, राखणदार मात्र निम्मे होत नाहीत, आणि सुताची मोठी खरेदी दोघांच्या वाट्याला महाग पडते. त्यामुळे माग आणि गल्ला वेगळा, सूत आणि वार्पिंग वर्षभर सामाईक, असा मधला टप्पा ठेवा. पुरतं तोडलेलं पुन्हा जोडायला फार जड जातं. अर्धवट तोडलेलं दोन्हीकडे नेता येतं.

साखरपुड्याला जा, बायकोला आणि मुलाला घेऊन. मुलाला पंगतीत वाढायला लावा, पुतण्याच्या शेजारी. आहेराची वही घरात असेलच. तुमच्याकडच्या मागच्या कार्यात दादांनी किती केला होता ते बघा आणि तेवढ्यात शंभराची भर घाला.